फक्त वेळप्रसंगी

प्रिय दौत,

शाळेतला शुक्रवारचा शेवटचा तास आठवतो का तुला? शिवणाच्या खोलीतलं ते काचेचं कपाट आणि त्यात निळ्या मखमलीवर ओळीनं मांडलेल्या बारा नव्या कात्र्या? काच पुसायची पाळी कायम आपल्या दोघींची, कारण बाकीच्या मुलींची बोटं म्हणे तेलकट. तू तोंडानं वाफ सोडायचीस आणि मी वर्तमानपत्राच्या बोळ्यानं घासायचे. कापड मात्र आपण चार वर्षं त्या जुन्या बोथट कात्र्यांनी कापलं. कापलं कसलं, कुरतडलं. नव्यांना हात लावायचा नाही, त्या तपासणीच्या दिवसासाठी. शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, चांगली वस्तू चांगल्या दिवसाला. मग एकदाचा तो दिवस उगवला, तपासनीस बाई आल्या, सिस्टरनी गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं आणि बारातली एक कात्री उघडेल तर शपथ. स्क्रूपाशी गंज धरून सगळ्या मिटून बसलेल्या. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि आपण जे हसत सुटलो ते बाहेर उभं केल्यावरही थांबेना. सिस्टर नंतर खोलीत एकट्या बसून रडल्या, असं कुणीतरी सांगितलं. ते ऐकूनही आपण हसलोच. वर्गात आपल्याला दौत-टाक म्हणायचे, तू गोल आणि मी काटकुळी, ते काही उगीच नाही. एकीनं सांडायचं आणि दुसरीनं ते कागदभर पसरायचं.

तुझा निरोप मंगळवारी मिळाला. चार ओळींचा. तुझ्या मास्तरांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं, तुमच्याकडे वीज दिवसातून दोनदा जाते, आणि माझ्या थोरल्यानं तुला सांगितलं की आमचा जनरेटर वेळेला अगदी देवासारखा उभा राहिला, तर तो कोणता, तेवढं नाव कळव. नाव एका ओळीत कळवता आलं असतं. फोनही करता आला असता. पण हल्ली फोनवर दोन वाक्यांपुढे माझी गाडी जात नाही. रडू येतं म्हणून नाही, रडू येतच नाही. दात काढून घरी आल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच कुणाच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं हे गेल्यापासून साडेतीन महिने चाललं आहे. जेवते, झोपते, कपडे वाळत घालते. लोक येतात, त्यांना पाणी देते. त्यातल्या दोघीतिघींना मीच समजावून परत पाठवलं.

हे म्हणजे, तू ज्याला शिडीखालून 'ओ पेंटर, तुमचा शेवटचा काना वाकडा आहे' म्हणून हाक मारली होतीस, तो पेंटर. शाळेच्या फाटकावरची पाटी रंगवत होता. त्यानं वळून बघितलं तुझ्याकडे, पण काना सरळ करून दाखवला मला. तू यावरून मला किती वर्षं छळलंस! या गावातल्या अर्ध्या दुकानांची नावं त्याच हातची आहेत. चाळीस वर्षं टर्पेंटाइन आणि रंग हुंगून त्यांची छाती शेवटी बसली. चौदा महिने मशीन होतं. पलंगाच्या डोक्याशी त्याची सारखी घरघर, आणि नळी नाकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचेल एवढी लांब. 'गाय दाव्याला बांधली आहे, चारा दारापर्यंत आणा,' म्हणायचे. आता मशीन नाही. फ्रिज सुरू झाला की मी मान वळवते, एवढंच.

जनरेटर घ्या, असा धोशा थोरल्यानं लावला. तो लांब, त्याचा जीव तिथे टांगलेला. आम्ही दोघं मात्र आज-उद्या करत होतो. मग एका दुपारी तीन तास वीज गेली, दवाखान्यातून आणलेला छोटा सिलिंडर जवळजवळ संपला, आणि मी दुसऱ्या दिवशी पर्स उचलून दुकानात गेले. तुला सांगते दौत, साडी घेताना जेवढा वेळ घालवला नसेल तेवढा मी तिथे घालवला. दुकानदार मोठा वल्ली. म्हणाला, 'बाई, दिसायला कसा आहे ते बघू नका, आवाज कसा आहे ते बघा. रोज ऐकायचा आहे.' मी म्हटलं, हे तुम्ही मला चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मग त्यानं विचारलं, घरात लोड किती? मला काही सांगता येईना, म्हणून घरी फोन लावला आणि फोन त्याच्याच हातात दिला. पलीकडून यांचा आवाज आला, धापा टाकत, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढा: 'लोड एकच आहे, तो माझ्या पाठीला आहे आणि तो मी देणार नाही!' त्यांना आडवं झोपता यायचं नाही, तुला माहीत आहे. दिवसरात्र त्या गोल लोडाला टेकून बसलेले. दुकानदार हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला.

मग त्यानं मला कागद दिला आणि सांगितलं, वीज गेल्यावर घरात जे जे चालू राहायलाच हवं तेवढंच लिहून आणा, बाकीचं नको. घरी येऊन आम्ही दोघं लिहायला बसलो. मशीन. फ्रिज, त्यांच्या औषधांसाठी. एक पंखा, एक दिवा. मी इस्त्री लिहिली, ती त्यांनी खोडली. त्यांनी रेडिओ लिहिला, तो मी राहू दिला. एवढ्या मोठ्या घरात चालू राहायलाच हव्यात अशा पाचच गोष्टी निघाल्या. तुझे मास्तर गणिताचे, ते आकडे चटकन मांडतील, पण एक गोष्ट त्यांना सांग: फ्रिज आणि मशीन चालत राहायला जेवढी वीज घेतात, त्याच्या तिप्पट-चौपट ती सुरू होताना ओढतात. हिशोब सुरू होतानाचा धरायचा. दोन हजार वॉटचा आम्हाला पुरेसा होता. इन्व्हर्टर जातीचाच घ्यायचा, त्याची वीज सारखी असते. साध्या जनरेटरची वर-खाली होते आणि असलं नाजूक मशीन त्यावर बिघडतं. आवाजही निम्मा. आणि घरात कधीही नाही, खोलीत नाही, बंद गॅलरीत नाही, जिन्याखाली नाही. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि तो माणूस मारतो. उघड्यावर, खिडक्यांपासून दहा-पंधरा पावलं लांब, धुराचं तोंड पलीकडे करून. त्यासाठी जाड, लांब वायर घ्यावी लागते. आमचा मागच्या अंगणात पार टोकाच्या भिंतीशी, पत्र्याच्या छपराखाली होता.

शेवटी दुकानदारानं विचारलं, हा सुरू कोण करणार? मी म्हटलं, मीच, दुसरं कोण आहे? 'मग दोरी ओढून दाखवा.' चौसष्टाव्या वर्षी मी त्या दुकानाच्या मधोमध पदर खोचून उभी राहिले आणि तिसऱ्या ओढीला तो सुरू झाला. तिथल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. तरी त्यानं मला बटणाचाच घ्यायला लावला. म्हणाला, 'आज तुम्ही शांत आहात बाई. त्या वेळी हात कापतील.' दोरीही होतीच त्याला, बटणाच्या जोडीला. चाकंही होती. निघताना त्यानं बजावलं, महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालवायचा, नुसता नाही, लोड लावून. मी मान डोलावली. या लिहिलेल्या ओळीखाली तू रेघ मार.

घरी आल्यावर यांनी तो पलंगासमोर आणवला. दोन दिवस नुसते बघत होते. मग म्हणाले, माझं सामान काढ. वर्षभर ब्रशला हात लावला नव्हता. मी घाबरले रंगाच्या वासाला. ते म्हणाले, पाण्यातला रंग आहे, मुलांचा. जनरेटरच्या पांढऱ्या पत्र्यावर, लोडाला टेकून, मधे मधे थांबत, त्यांनी एका सकाळभरात दोन शब्द लिहिले: 'फक्त वेळप्रसंगी'. लाल रंगात, खाली काळी सावली देऊन, एखाद्या पेढीच्या पाटीला द्यावी तशी. उभी रेघ एकही वाकडी नाही. वर मला, बाहेर अंगणात नेऊन, पारदर्शक वॉर्निश मारायला लावलं, म्हणजे अक्षरं पुसणार नाहीत. आम्ही खूप हसलो त्या दिवशी. त्यांची ती शेवटची पाटी.

आता पुढचं सांगते. घाईनं सांगणार नाही, आणि तूही घाईनं वाचू नकोस.

पहिल्या महिन्यात शेजारच्या शिकवणीच्या बाईंकडे मुलांच्या परीक्षा होत्या, म्हटलं कशाला भटभट. दुसऱ्या महिन्यात मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा यांचा नुकता डोळा लागलेला. तिसऱ्या महिन्यात आठवणच राहिली नाही. वीज जातच होती, नाही असं नाही, पण पाच मिनिटं, दहा मिनिटं. तेवढ्यासाठी कशाला तो काढायचा, म्हणून आम्ही सिलिंडर लावायचो. मी उठायला लागले की हे पत्र्यावरची पाटी वाचून दाखवल्यासारखं म्हणायचे, 'हा काही वेळप्रसंग नव्हे.' मी म्हणायचे, नव्हेच मुळी. असं करत करत नव्या यंत्राला जपण्यापायी सिलिंडर मात्र आम्ही थोडा थोडा संपवत आणला. दर शुक्रवारी मी जनरेटरवरचं कव्हर काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, मग कोरड्या. अक्षरांवर जरा हलक्या हातानं. पुन्हा कव्हर घालायचे. असे अठरा शुक्रवार.

मंगळवार होता. सकाळचे अकरा. मी वाटाणे सोलत होते. वीज गेली आणि मशीननं शिट्टी दिली. मी सिलिंडर लावला, काटा बघितला, पावाच्याही खाली. वीज मंडळाच्या माणसानं फोनवर सांगितलं, खांब पडला आहे, संध्याकाळ होईल. मी यांच्याकडे बघितलं. ते हसले आणि म्हणाले, 'आला बघ एकदाचा वेळप्रसंग. जा, मुहूर्त कर.' मी मागे गेले. कव्हर काढलं आणि त्याची घडी घातली, दौत. चार पदरी, कडेला कड जुळवून. मग बटण दाबलं. टक् असा आवाज आला. पुन्हा दाबलं, टक्. मग दोरी. दुकानात तिसऱ्या ओढीला सुरू झाला होता, म्हणून मी मोजत होते. चाळीसपर्यंत मोजल्याचं आठवतं. शेजारच्या बाई कुंपणापलीकडून धावत आल्या, त्यांनी ओढली. मी दुकानदाराला फोन लावला. त्यानं एकच विचारलं: 'शेवटचा कधी चालवला होता?' मी म्हटलं, तुमच्याच दुकानात. तो म्हणाला, 'पेट्रोल शिळं होऊन आत चिकटलं असेल बाई. बॅटरीही उतरली असेल. मी येतो, माझा घेऊन येतो.' आला बिचारा, दुकान उघडं टाकून. अर्धा तास लागला त्याला. सिलिंडर त्याच्या आधी पंधरा मिनिटं संपला होता. त्या पंधरा मिनिटांत मी त्यांच्या पाठीमागे, लोडाच्या जागी बसले होते. त्यांची पाठ माझ्या छातीवर. त्यांचा श्वास मला माझ्या बरगड्यांत कळत होता. त्यांनी माझा हात उलटा करून तळवा बघितला. दोरीनं सोलवटला होता. त्यावर बोट फिरवत राहिले, वाकडी रेघ सरळ करावी तसे.

दुकानदाराचं यंत्र पहिल्या ओढीला लागलं. मशीन सुरू झालं, मग रुग्णवाहिका आली, मग दवाखाना. नऊ दिवस. डॉक्टर म्हणाले, छातीत जंतूंचा संसर्ग आधीपासूनच होता, हे चारआठ दिवसांत होणारच होतं, त्या पंधरा मिनिटांचा काही संबंध नाही. चांगला माणूस आहे. मी मान हलवली. त्यांच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही असंही नाही, बसतो असंही नाही. ते वाक्य माझ्यापाशी आहे, पण मला त्याचं काय करायचं ते कळत नाही.

थोरला तिसऱ्या दिवशी पोचला. दवाखान्याच्या जिन्यातच त्यानं मला धरलं आणि विचारलं, 'आई, जनरेटर वेळेवर लागला ना?' दोन रात्रींच्या प्रवासानं त्याचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, लागला. शेजारच्या बाई बाजूला उभ्या होत्या, त्यांनी खाली बघितलं. त्यानंतर तो भेटेल त्याला तेच सांगत राहिला. मी मागे लागलो म्हणून घेतला, म्हणून बाबांचे ते नऊ दिवस मिळाले. दरवेळी ते सांगताना त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. मी ते काढून घेऊ शकले नाही. माझा विचार होता, हे माझ्याबरोबर जाईल. शेजारच्या बाई बोलणार नाहीत, दुकानदारही नाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि मंगळवारी तुझ्या चार ओळी आल्या: देवासारखा उभा राहिला, नाव कळव.

म्हणून हे पत्र. यंत्र देवासारखं उभं राहतं असं समजून तू ते आणशील, झाकून ठेवशील आणि पुसशील. मी तुला ओळखते, आपण एकाच कपाटाची काच पुसलेली आहे. नाव कळवत नाही, आमचाच पाठवते आहे. मला हे आजच लिहायला हवं होतं, कारण टेम्पोवाला गुरुवारी येतो आहे आणि वस्तू देताना तिची खोड सांगून द्यावी. खोड यंत्राची नव्हती. दुकानदारानं तो उघडून, धुऊन, नवी बॅटरी घालून ठीक केला आहे. गेल्या दोन शुक्रवारी मी तो वीस वीस मिनिटं चालवला, पंखा, फ्रिज आणि रेडिओ लावून. पहिल्या बटणाला लागला. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, मला काहीच वाटलं नाही. आवाज खरंच कमी आहे.

तर आता कुणाला काय, ते नीट ऐक. जनरेटर तुला, आणि त्याबरोबरची जाड वायर आणि दुकानदाराचा नंबर. पेट्रोलचा डबाही येतो आहे, रिकामा. पेट्रोल ताजं भर, आणि दोन महिन्यांवर जुनं झालं की मास्तरांच्या मित्राच्या स्कूटरमध्ये ओतून टाक. सिलिंडर मी भरून घेतला आहे, तोही तुझा, पण तो जनरेटरऐवजी वापरायचा नाही. लोड मास्तरांना. खोळ धुतली आहे, आत कापूस जरा एका बाजूला बसला आहे, ती बाजू खाली ठेवायची. ब्रश शेजारच्या बाईंना, शिकवणीच्या मुलांसाठी, आणि त्यांना मी सांगितलं आहे की रोज वापरा, झिजू देत. ऑक्सिजनचं मशीन दवाखान्यात देऊन झालं. माझ्यासाठी रेडिओ ठेवला आहे. आणि हे पत्र तुझं वाचून झालं की थोरल्याला दे. टपालानं नको. तो पुढच्या महिन्यात तुमच्या गावी येतो आहे. त्याला खायला घाल, आणि मग दे. मला समोर बसून सांगता येणार नाही, तुला येईल. त्याला म्हणावं, यंत्र घ्यायला लावलंस ते बरोबरच होतं, चुकलं ते आईचं. तो चिडला तर चिडू दे. मला फोन करायची घाई करू नकोस म्हणावं. पत्र्यावरची अक्षरं मात्र कुणाला घासू देऊ नकोस. ती राहू देत, चांगली उतरली आहेत. फक्त त्यांचं ऐकू नकोस.

तुझीच,
टाक